घडवणारा कोण, हे आधी पाहा

संघ हरला की भोकरच्या चहाच्या टपरीवर असो किंवा मुंबईच्या वर्तमानपत्रात, चर्चा शेवटी दोनच प्रश्नांवर येते. प्रशिक्षक बदलायचा, तर त्याच्या जागी कोणाला आणायचं? आणि सगळा भार ज्याच्या खांद्यावर टाकता येईल असा हुकमी खेळाडू कोण? पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या माजी खेळाडूचं नाव उत्तर म्हणून येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या आठवड्यात ज्यानं शतक ठोकलं तो. ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. खेळाडू म्हणून मिळवलेली कीर्ती शिकवण्याच्या कामी आपोआप येते आणि हुकमी खेळाडू कुठून तरी तयार होऊन येतो, असं आपण धरून चालतो. गेल्या काही वर्षांतला आपल्याच क्रिकेटचा, आपल्याच मराठवाड्यातल्या कुस्तीचा आणि दूर अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा अनुभव वेगळं सांगतो. प्रशिक्षकपदाचा उमेदवार तपासताना पहिला प्रश्न एकच असावा: या माणसाच्या हाताखाली आलेली सामान्य कुवतीची माणसं जाताना किती पुढे गेली? या प्रश्नाचं उत्तर चांगलं असेल, तर हुकमी खेळाडूचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार शिवाजी पार्कवर आहे. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना होता. आजच्या निकषानं त्यांचा अर्ज कोणत्याही निवड समितीनं पहिल्याच चाळणीत बाजूला टाकला असता. पण सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर ही सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली नावं. १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाला, तो या कामासाठी. त्यांच्या शिष्यांपैकी दोघांनी पुढे प्रशिक्षक म्हणून नाव काढलं आणि ते दोघं २०२२ च्या जून महिन्यात बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. मध्य प्रदेशच्या बाजूला चंद्रकांत पंडित होते आणि मुंबईच्या बाजूला अमोल मुजुमदार. पंडित भारताकडून ५ कसोटी खेळलेले. मुजुमदार तर एकही नाही. पदार्पणातच २६० धावा, कारकिर्दीत ११ हजारांवर प्रथम श्रेणी धावा, ३० शतकं आणि कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक, एवढं सगळं असूनही भारताची टोपी त्यांना मिळाली नाही. हे दोघं काय घडवू शकले, ते ओळीनं पाहिलं की नावाचा निकष किती अपुरा आहे हे कळतं.

आधी पंडित. मुंबईला त्यांनी प्रशिक्षक म्हणून तीन वेळा रणजी करंडक मिळवून दिला, पण ते उदाहरण मी पुरावा म्हणून मांडणार नाही, कारण मुंबईकडे खेळाडूंची वानवा कधीच नव्हती. पुरावा विदर्भाचा. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा हा संघ सहा दशकांत एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. २०१७-१८ मध्ये पंडित आले आणि त्याच हंगामात फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भानं करंडक जिंकला. त्या मोसमाचा नायक झाला रजनीश गुरबानी, तोवर देशाला फारसा माहीत नसलेला मध्यमगती गोलंदाज. कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात प्रतिस्पर्ध्याला १९८ धावा हव्या होत्या, ते १९२ वर संपले आणि गुरबानीनं त्या डावात ७ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याची हॅट्‌ट्रिक झाली. याच अंतिम सामन्यात अक्षय वाडकर या पहिलाच मोसम खेळणाऱ्या यष्टिरक्षकानं शतक केलं. पुढच्या वर्षी विदर्भानं करंडक राखला. नंतर पंडित मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये त्या संघानं पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या अंतिम सामन्यात आवेश खान आणि वेंकटेश अय्यर हे भारतीय संघातले खेळाडू त्यांच्याकडे नव्हते, तर समोर मोसमात ९८२ धावा काढणारा सर्फराज खान होता. शतकं केली ती यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी. हेच पंडित १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. खेळाडू म्हणून जे जमलं नाही ते त्यांनी दुसऱ्यांकडून करवून घेतलं, आणि हे कौशल्य खेळण्याच्या कौशल्यापेक्षा वेगळं आहे याचा याहून स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मैदानात शेवटी खेळाडू उतरतो. चेंडू गुरबानीनं टाकला, पंडितांनी नाही. चांगले खेळाडू मिळाले की कोणीही प्रशिक्षक थोर दिसतो. हे तपासायचं तर असा खेळ पाहायला हवा, जिथे खेळाडू ठरावीक काळानं बदलतातच आणि प्रशिक्षक मात्र टिकू शकतो. अमेरिकेतला महाविद्यालयीन फुटबॉल तसा आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं ज्या विद्यापीठांत शिकतात, त्यांच्यापैकी कित्येक ठिकाणी प्रशिक्षकाची निवड हा गावभर चघळला जाणारा विषय असतो. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. जवळपास प्रत्येक चढाईची सुरुवात त्याच्या हातून होते आणि चेंडू कोणाकडे फेकायचा, की स्वतः घेऊन पळायचं, हे त्यालाच काही सेकंदांत ठरवावं लागतं. विद्यार्थी असल्यानं तो काही वर्षांत निघून जातो. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी २००९ ते २०२० या मोसमांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्या काळात त्यांचे क्वार्टरबॅक बदलत गेले: ग्रेग मॅकेलरॉय, ए. जे. मॅकॅरन, जेक कोकर, जेलन हर्ट्‌स आणि तुआ टागोवायलोआ, शेवटी मॅक जोन्स. सेबन स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधी खेळले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात संघ मागे पडला, तेव्हा त्यांनी मध्यंतरानंतर हर्ट्‌सला बसवून नवख्या टागोवायलोआला उतरवलं आणि सामना जादा वेळेत जिंकला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, पुन्हा जॉर्जियाविरुद्ध, टागोवायलोआ जखमी झाला. तेव्हा बाकावरून उठून सामना जिंकून दिला तो हर्ट्‌सनं. बसवलेला खेळाडूही तयार राहिला होता, आणि हे प्रशिक्षणाचंच फळ. याच्या शेजारी त्याच राज्यातलं ऑबर्न विद्यापीठ ठेवून पाहा. २०१० मध्ये कॅम न्यूटन हा असामान्य क्वार्टरबॅक तिथे एक मोसम खेळला आणि ऑबर्ननं एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं. न्यूटन गेला, वर्षभरानं चढाईची आखणी करणारे सहायक प्रशिक्षकही गेले, आणि २०१२ मध्ये संघ १२ पैकी ९ सामने हरला. मुख्य प्रशिक्षकाला जावं लागलं. हुकमी खेळाडू एक वर्ष जिंकून देतो, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण तो गेल्यावर संघाचं काय होतं, हे पाहिल्याशिवाय प्रशिक्षकाचं मोल ठरवता येत नाही.

विदर्भाबाबत हीच कसोटी लावली तर उत्तर अधिक स्पष्ट होतं. पंडित तिथून गेले त्याला वर्षं झाली. २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला आणि मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर त्यानं तिसऱ्यांदा करंडक घेतला. त्या वेळी प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी आणि कर्णधार होता अक्षय वाडकर, तोच, ज्यानं पहिल्या विजेतेपदात नवखा म्हणून शतक केलं होतं. त्या मोसमात हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातला विक्रम केला. पहिल्या विजयातले बरेच चेहरे तोवर संघात नव्हते. प्रशिक्षक बदलला, प्रमुख खेळाडू बदलले, तरी संघ उभा राहिला. चांगला प्रशिक्षक गेल्यावर मागे राहते ती ही सवय, आणि निवड करताना ती मोजायची असते.

दुसरा आक्षेप असा की ड्रेसिंग रूममध्ये मोठ्या नावाचा दरारा लागतो. कोट्यवधी कमावणारे खेळाडू कोणा अनोळखी माणसाचं का ऐकतील? दरारा लागतो, हे मान्य. पण तो नावानं मिळतो का, हे आपल्याच इतिहासात तपासता येतं. कपिल देव यांच्याएवढा अष्टपैलू भारतानं पाहिला नाही. प्रशिक्षक म्हणून त्यांचा काळ सुमारे वर्षभराचा, त्यात ऑस्ट्रेलियात ३-० आणि मायदेशात दक्षिण आफ्रिकेकडून २-० असे पराभव. ग्रेग चॅपेल ऑस्ट्रेलियाच्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक. २००५ ते २००७ हा त्यांचा कार्यकाळ संघातल्या बेबनावासाठीच लोकांच्या लक्षात राहिला. याउलट बाजूला गॅरी कर्स्टन उभे आहेत. १०१ कसोटी खेळलेले, प्रशिक्षणाचा फारसा अनुभव नसलेले, तरी २०११ चा विश्वचषक त्यांच्याच कारकिर्दीत आला. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण कर्स्टन यांची आठवण खेळाडू काढतात ती त्यांच्या धावांसाठी नाही. जाळ्यात तासन्‌तास चेंडू फेकत राहणारा आणि स्वतः प्रकाशझोतात न येणारा माणूस म्हणून ती निघते. राहुल द्रविड यांचं उदाहरण तर आणखी बोलकं. एवढा मोठा फलंदाज थेट वरिष्ठ संघाच्या खुर्चीवर बसला नाही. २०१५ पासून त्यांनी भारत ‘अ’ आणि १९ वर्षांखालील मुलं सांभाळली, २०१६ मध्ये अंतिम सामना हरले, २०१८ मध्ये जिंकले, मग राष्ट्रीय अकादमीचं काम पाहिलं आणि २०२१ च्या अखेरीस वरिष्ठ संघ हाती घेतला. कर्णधार म्हणून ज्या वेस्ट इंडीजमध्ये २००७ चा विश्वचषक पहिल्याच फेरीत गमावला, तिथेच २०२४ मध्ये त्यांच्या संघानं टी-२० विश्वचषक उचलला. द्रविड यांचं मोठं नाव त्यांना दारापर्यंत घेऊन गेलं असेल, पण आत टिकवलं ते मुलांबरोबर घालवलेल्या वर्षांनी.

आता मुजुमदार. महिला संघाच्या प्रशिक्षकाची खुर्ची बराच काळ अस्थिर होती. २०१८ च्या टी-२० विश्वचषकात उपांत्य सामन्यातून मिताली राजला वगळल्यावरून मोठा वाद झाला आणि रमेश पोवार गेले. डब्ल्यू. व्ही. रमण आले, त्यांच्या काळात संघ २०२० च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, मेलबर्नला ८६ हजारांवर प्रेक्षकांसमोर खेळला, तरी २०२१ मध्ये पोवार पुन्हा आले आणि २०२२ अखेर पुन्हा हलवले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार नेमले गेले, तेव्हा भारताकडून न खेळलेला माणूस म्हणून कुरकुर झाली. त्यांची दुसरी बाजू कमी लोकांनी वाचली होती: दक्षिण आफ्रिकेच्या संघाबरोबर फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून केलेलं काम, राजस्थान रॉयल्समधला अनुभव, मुंबईचा २०२२ चा रणजी अंतिम सामना आणि त्याच वर्षी मुंबईनं पहिल्यांदाच जिंकलेली सय्यद मुश्ताक अली स्पर्धा. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात भारत साखळीतच बाद झाला. आपल्या नेहमीच्या रिवाजानुसार तेव्हाच नवा उमेदवार शोधायला सुरुवात झाली असती. मंडळानं थांबायचं ठरवलं आणि तो निर्णय मला पुढच्या वर्षीच्या विश्वचषकातल्या कोणत्याही खेळीइतकाच महत्त्वाचा वाटतो. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून सलग तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध जादा गोलंदाज घेण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं होतं. निर्णय चुकला हे दिसताच चारच दिवसांनी तिला न्यूझीलंडविरुद्ध परत घेतलं, तेही तिसऱ्या क्रमांकावर, आणि तिनं नाबाद ७६ केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना त्याच क्रमांकावर तिनं नाबाद १२७ केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. प्रतिका रावल जखमी झाल्यावर मूळ संघात नसलेली शेफाली वर्मा आली आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा करून २ बळीही घेतले. दीप्ती शर्मानं ५ बळी घेतले आणि भारत ५२ धावांनी जिंकला. या संघात हुकमी खेळाडू कोण, हे सांगता येणं अवघड आहे, कारण दर सामन्यात तो बदलत गेला. माझ्या दृष्टीनं चांगल्या प्रशिक्षकाची हीच ओळख.

तिसरा आक्षेप मात्र मला माझा मुद्दा थोडा आवरता घ्यायला लावतो. पंडित कोलकाता नाइट रायडर्सकडे गेले तेव्हा काय झालं? २०२३ मध्ये संघ सातवा आला. २०२४ मध्ये विजेता ठरला, पण तेव्हा गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत होते आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांना दिला गेला. २०२५ मध्ये संघ आठवा, आणि त्यानंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. त्यांची शिस्त तिथे काहींना जाचक वाटली, असंही जाहीर बोललं गेलं. म्हणजे घडवण्याची क्षमता सगळीकडे सारखी चालत नाही. आयपीएलमध्ये खेळाडू तयार होऊन येतो, दोन महिने राहतो आणि लिलावात दुसरीकडे जातो. तिथे घडवण्याला वेळच नसतो, सांभाळण्याला असतो. रणजी संघात, विद्यापीठाच्या संघात, जिल्ह्याच्या संघात उलट स्थिती: तीच मुलं वर्षभर, चार वर्षं समोर असतात. म्हणून माझं म्हणणं अचूक शब्दांत असं: जिथे खेळाडू अजून घडायचे आहेत, तिथे घडवण्याचा पूर्वेतिहास हाच पहिला निकष. आपल्या देशातल्या बहुतेक संघांना हे लागू आहे आणि मराठवाड्यातल्या तर प्रत्येक संघाला.

मराठवाड्याला ही गोष्ट नव्यानं शिकवायला नको, कारण कुस्तीनं ती आपल्याला केव्हाच शिकवली आहे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले. मोठे पैलवान होते, पण आज त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीतले वस्ताद म्हणून. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे त्यांच्याकडे घडला. २०११ मध्ये बिराजदार गेल्यावर तो लातूरच्याच काका पवारांकडे गेला आणि पुढे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकला. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघंही काका पवारांच्याच तालमीचे. दोन्ही वस्ताद नावाजलेले पैलवान होते, मग माझा मुद्दा खोटा पडतो का? नाही. नावाजलेले पैलवान या महाराष्ट्रात शेकड्यांनी झाले. त्यांच्यातले वस्ताद म्हणून किती जण ओळखले गेले, ते बोटांवर मोजता येतील. तालमीत मुलाला घालताना बाप वस्तादाच्या गदा मोजत बसत नाही, त्याच्याकडची पोरं कुठपर्यंत गेली ते विचारतो. क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांच्या संघांसाठी माणूस निवडताना हाच गावठी शहाणपणा आपण विसरतो.

शेवटचा आक्षेप भोकरसारख्या ठिकाणाहून येतो. उमेदवारांची तुलना करायला आधी उमेदवार तर हवेत. भोकरहून नांदेड पन्नासेक किलोमीटर, पुणे पाचशेच्या आसपास. गुणी मुलाला मोठ्या शहरात धाडणं एवढाच मार्ग उरतो, मग प्रशिक्षक कसा निवडायचा हा प्रश्न इथे कशाला? याला उत्तर बीडनं दिलं आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीत १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांसमोर भारताचे ३२ धावांत ४ गडी गेले. तिथून सचिन धस आणि कर्णधार उदय सहारन यांनी १७१ धावांची भागीदारी केली, सचिननं ९६ धावा काढल्या आणि भारत २ गडी राखून जिंकला. हा मुलगा बीडचा. पूर्ण टर्फची खेळपट्टीही नसलेल्या गावात शेख अझहर या प्रशिक्षकानं त्याला लहानपणापासून घडवलं होतं. त्याआधी २०१४ मध्ये जालन्याचा विजय झोल याच वयोगटाच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, आणि तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता. मराठवाड्यात गुणवत्ता नाही, हे यापुढे कोणी म्हणू नये. उणीव आहे ती तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षं टिकून शिकवणाऱ्या माणसाची. महाराष्ट्राच्या रणजी संघानं दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले, त्यानंतर आजवर एकही नाही. २०१३-१४ मध्ये केदार जाधवनं मोसमात १२२३ धावा केल्या, संघ अंतिम फेरीत गेला आणि कर्नाटकाकडून हरला. एका हुकमी फलंदाजाच्या बळावर संघ किती दूर जातो आणि कुठे थांबतो, हे त्या मोसमानं दाखवलं. विदर्भानं पुढच्या काळात जे साधलं ते आपल्याला साधायचं असेल, तर सुरुवात पुण्यात नव्हे, बीड, जालना, लातूर, भोकर इथे करावी लागेल.

म्हणून संघटना, विद्यापीठं आणि क्रीडा खातं यांच्याकडे मागणी नेमकी असावी. प्रशिक्षक नेमताना अर्जात त्याच्या स्वतःच्या धावा आणि बळी यांच्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: त्यानं किती वर्षं सलग एकाच गटाला शिकवलं, त्यातले किती खेळाडू वरच्या पातळीवर गेले, कोणता खेळाडू त्यानं सुरुवातीला चुकीचा ओळखला आणि नंतर निर्णय बदलला, आणि तो गेल्यावर संघाचं काय झालं. नेमल्यावर एका वाईट हंगामानंतर त्याला काढू नये. किमान तीन वर्षांची मुदत आणि दरवर्षीचा लेखी आढावा असावा. तालुका क्रीडा संकुलांसाठी भिंती आणि छत यांवर जितका पैसा खर्च होतो, त्यातला काही भाग तिथे कायम राहणाऱ्या प्रशिक्षकाच्या पगारासाठी राखून ठेवावा. प्रेक्षक म्हणून आपलंही काम आहे. पराभवानंतर नवं मोठं नाव मागण्याआधी, जुन्या माणसानं कोणाला पुढे आणलं हे आपण विचारायला हवं. मंडळानं मुजुमदारांना एक फसलेला विश्वचषक माफ केला आणि सुमारे वर्षभरात देशाच्या वरिष्ठ महिला क्रिकेट संघाला पहिलं विश्वविजेतेपद मिळालं. एवढा धीर तालुक्यातल्या सरांच्या वाट्यालाही आला, तर पुढचा हुकमी खेळाडू भोकरमधून यायला काहीच अडचण नाही.